दगडाखालची साक्ष

फार पूर्वी, आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ज्याचं नाव ऐकलं नव्हतं अशा एका राज्यात, वाळुंजी नावाचा एक ओढा होता. त्याच्या दोन्ही काठांवरची वाळुंजाची झाडं पाण्यावर ओणवी झालेली असत, म्हणून लोक त्याला वाळुंजी म्हणत.

हा ओढा डोंगरातल्या एका झऱ्यातून निघायचा. मधल्या गावाच्या शेतांतून वळसे घेत तो खाली यायचा, राजाच्या नगराला बगल द्यायचा आणि पुढे मोठ्या नदीला मिळायचा. गाव त्याच्यावर पिकत होतं आणि नगर त्याचंच पाणी पीत होतं.

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, त्या राज्यात एक जुना कायदा होता. काठाला नवं शेत काढायचं असो की नगरात नवी पेठ वसवायची असो, आधी ओढ्याची साक्ष घ्यायची. ओढ्याला स्वतःला तर बोलता येत नाही. म्हणून काठावर राहणाऱ्या भोयांच्या घरातलं एक माणूस दर कार्तिकात दरबारात जायचं, तांब्यातल्या पाण्यावर हात ठेवायचं आणि म्हणायचं, "ओढा जिवंत आहे." एवढं म्हटलं की वर्षभराचे परवाने मोकळे व्हायचे. साक्ष खोटी ठरली तर त्या घराचा मासे धरण्याचा हक्क जाईल, असंही कायद्यात होतं. पण ती वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळे कायद्याचा तो भाग सगळे विसरून गेले होते.

ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळी साक्ष द्यायचं काम मथाईकडे होतं. मथाई पन्नाशी ओलांडलेली, उन्हापाण्याने रापलेली, कमी बोलणारी बाई होती. सोळा वर्षं ती साक्ष देत आली होती. तिला थोरला भाऊ होता, नागू. रीतीप्रमाणे साक्षीचं काम त्याच्याकडे जायला हवं होतं. पण त्यांच्या बापाने मरताना ते लेकीला दिलं. नागूची नजर सदा जाळ्यावर असते आणि मथाईची दगडाखाली, असं तो म्हणाला होता.

दगडाखाली म्हणजे काय, तेही सांगतो. बापाने मथाईला लहानपणीच ओढ्यात उतरवलं होतं आणि गुडघाभर पाण्यातला एक दगड उलटा करून दाखवला होता. दगडाच्या पोटाला नाना तऱ्हेचे बारीक जीव चिकटलेले होते. शेपटाला तीन केस असलेले चपटे किडे होते, चतुराची पिल्लं होती, बोटाच्या पेराएवढे खेकडे होते. वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळी बांधणारी एक अळी होती, तिला बाप वाळूकरीण म्हणायचा. तो म्हणाला होता, "पोरी, पाणी वाहून जातं, मासा पळून जातो. हे मात्र कुठे जात नाहीत. ओढ्याला काय झालंय ते यांना विचारायचं."

म्हणून मथाई दर कार्तिकात साक्षीच्या आधी तीन जागी दगड उलटून पाहायची. एक जागा डोंगरातल्या झऱ्यापाशी, एक गावाच्या शेतांपाशी आणि एक नगराच्या घाटाखाली. तिन्ही ठिकाणी जीव दिसले की मगच ती दरबाराची वाट धरायची.

पुढे दिवस बदलले. गावात घरं वाढली, खाणारी तोंडं वाढली. गावचा पाटील काही वाईट माणूस नव्हता. लोकांनी जमीन मागितली तेव्हा त्याने काठाकडे बोट दाखवलं. काठावरची वाळुंजं, करंज, निर्गुडी आधी सरपणाला गेली, मग मुळांसकट उपटली गेली. नांगर थेट पाण्यापर्यंत फिरू लागला. गुरांचे गोठे काठावर आले आणि शेणाचे उकिरडे ओढ्याच्या उतारावर साचू लागले. पाऊस पडला की शेतातली मऊ माती आणि उकिरड्यातलं खत दोन्ही ओढ्यात उतरायचं.

खाली नगरातही तेच चाललं होतं, फक्त रीत वेगळी. राजाला नगर देखणं करायचं होतं. त्याने गल्लीबोळांत, चौकांत आणि घरांच्या अंगणांतही दगडी फरशी घालून घेतली. पावसात कुणाच्या पायाला चिखल लागेना, आणि त्यासाठी लोक राजाला दुवा देत. पण जमिनीत मुरणारं पाणी आता फरशीवरून धावत गटारात जायचं आणि गटारातून सरळ ओढ्यात कोसळायचं. रंगाऱ्यांच्या हौदांचं निळं-तांबडं पाणीही त्याच गटाराला सोडलेलं होतं.

मथाईला हे दिसत होतं. गावाजवळचे दगड आता हिरव्या शेवाळाने माखलेले असायचे आणि त्यांच्या खाली गाळ बसलेला असायचा. नगराखाली तर दगड उलटला की नुसते लाल किडे वळवळायचे, जे घाणीतच जगतात. तरीही ती दरबारात गेली आणि ओढा जिवंत असल्याचं सांगून आली. का, ते तिने पुढे स्वतःच लोकांना सांगितलं. भोयांच्या झोपड्या गावच्या जागेत होत्या. पाटलाशी वैर नको होतं. शिवाय पुढच्या पावसात सगळं धुऊन निघेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. दुसऱ्या वर्षी तीच साक्ष देताना तिला फार जड गेलं नाही, आणि या गोष्टीची तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

तिसऱ्या वर्षीच्या आश्विनात एका पहाटे ती गावाखालच्या डोहावर गेली. डोहावर हिरवी साय धरली होती. त्या सायीला जिथे फट होती तिथे शेकडो मासे दाटीने उभे होते. मळे, खवल्या, अगदी तळाशी राहणाऱ्या शिंगट्यासुद्धा तोंडं पाण्याबाहेर काढून धापा टाकत होत्या. मथाई काठावर बसून राहिली. सूर्य वर येईपर्यंत अर्धे मासे पांढरी पोटं वर करून तरंगू लागले.

मथाईने त्यातला एकही मासा उचलला नाही. ती तशीच चालत डोंगरातल्या झऱ्यापाशी गेली. तिथे दगड उलटला तर वाळूकरीण होती, खेकडे होते, सगळं होतं. म्हणजे ओढा म्हातारा झालेला नव्हता. त्याला कुणीतरी मारत होतं.

त्या वर्षीच्या साक्षीला नेहमीपेक्षा जास्त वजन होतं. पाटलाला झऱ्याखालचा उरलेला झाडीचा पट्टा उसासाठी हवा होता. राजाला नगराच्या कडेची पाणथळ भरून तिथे चाळीस घरांची नवी पेठ उभारायची होती. पेठेचे दगडही येऊन पडले होते. साक्षीच्या आदल्या दिवशी कारभारी स्वतः भोयांच्या वस्तीवर आला. वाक्य एकच आहे, नेहमीचंच आहे, असं त्याने मथाईला गोड शब्दांत सांगितलं. पाटीलही येऊन गेला. तो जास्त बोलला नाही. तुमच्या झोपड्यांखालची जमीन कुणाची आहे, एवढंच त्याने नागूला विचारलं.

दरबार भरला. मथाईने तांब्यातल्या पाण्यावर हात ठेवला.

"महाराज, ओढा मरतोय," ती म्हणाली. "आणि गेली दोन वर्षं मी इथे उभी राहून खोटं बोलले."

कारभाऱ्याने घसा साफ केला आणि विसरला गेलेला कायदा मोठ्याने वाचून दाखवला. मग त्याने विचारलं, दोन वर्षं खोटं बोललेल्या बाईचा शब्द आज खरा कशावरून मानायचा?

"मानू नका," मथाई म्हणाली. "माझ्याबरोबर ओढ्यात उतरा आणि दगड उलटून बघा."

राजा तरुण होता आणि त्याला हसू आलं. राजाने धोतर खोचून पाण्यातले किडे मोजायचे का, असं त्याने दरबाऱ्यांना विचारलं, आणि सगळा दरबार हसला. मथाई हसू थांबेपर्यंत उभी राहिली आणि तिने पुन्हा तेच सांगितलं. मग मात्र राजा रागावला. त्याने मथाईचा मासे धरण्याचा हक्क काढून घेतला आणि साक्षीचं काम नागूला दिलं. नागूची साक्ष नीट झाली तर बाकीच्या भोयांचा हक्क तसाच राहील, असंही तो म्हणाला.

नागूने एकदा बहिणीकडे पाहिलं. त्याच्या घरात नऊ माणसं होती आणि वस्तीत तीस झोपड्या होत्या. त्याने तांब्यावर हात ठेवला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं.

दोघं परतीच्या वाटेला लागली. वस्ती दिसू लागली तेव्हा मथाईने विचारलं, "दादा, तू दगड उलटला होतास का?"

नागूने पावलं भरभर उचलली. तो पुढे निघून गेला.

पेठेचं काम सुरू झालं. पाणथळीत गाड्याच्या गाड्या मुरूम पडला. बगळे आणि पाणकोंबड्या चार दिवस वर घिरट्या घालत राहिल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. वर झाडीच्या पट्ट्यात कुऱ्हाडी चालू लागल्या. मथाई आता अंबाडीचे दोर वळून पोट भरायची. वस्तीतले लोक तिच्याशी बोलताना मान वळवायचे. तिच्या हट्टापायी सगळे बुडाले असते, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

दरबाराचं दार मथाईला बंद झालं होतं. म्हणून ती बाजारात गेली.

नगरात दर आठवड्याला बाजार भरायचा. मथाईने तीन पसरट मातीची भांडी घेतली. एकात झऱ्याजवळचा दगड आणि तिथलं पाणी, दुसऱ्यात गावाजवळचं, तिसऱ्यात नगराच्या घाटाखालचं. ती भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला बसली आणि भांडी पुढे मांडली. ती ओरडली नाही. कुणी थांबलं तर दगड उलटा करायची आणि म्हणायची, बघा.

पहिल्या बाजारी लोकांनी तिला वेडी ठरवलं. दुसऱ्या बाजारी कोतवाल आला आणि त्याने लाथेने तिन्ही भांडी फोडली. तिसऱ्या बाजारी ती नवी भांडी घेऊन त्याच जागेवर बसली. साक्षीचं काम आता तुझं नाही, या दरबाराच्या हुकमाची कोतवालाने तिला आठवण करून दिली.

"मी दरबारात बोलत नाहीये," मथाई म्हणाली. "आणि बाजारात गप्प बसायला तुमचा परवाना लागत नाही."

त्याने पुन्हा भांडी फोडली. ती पुन्हा आली. नगरातल्या कुंभाराला मथाईने कधी भांडी मागितली नव्हती, पण पाचव्या बाजारी तो आपणहून तीन भांडी तिच्या जागेवर ठेवून गेला आणि लांबून पाहत उभा राहिला.

हळूहळू बायका थांबू लागल्या. घाटावरून घागरी भरून नेणाऱ्याच त्या बायका. पहिल्या भांड्यात केवढी लगबग असायची, आणि तिसऱ्यात लाल किड्यांखेरीज काहीच हलत नसायचं. "हे तर आमच्याच घाटाचं पाणी," एक रंगारीण म्हणाली. तिच्या घरात दोन लेकरं पोटदुखीने आडवी होती. तिने डोक्यावरची घागर उतरवली आणि कोतवालाच्या पायांपुढे, त्या चकचकीत फरशीवर, सगळी ओतून दिली. मग ती डोंगराच्या वाटेने पाणी आणायला निघाली. पुढच्या आठवड्यात त्या वाटेवर अकरा बायका होत्या.

गावातही एक गोष्ट घडली. पारूबाई नावाची एक कुणबीण बाजारात वांगी विकायला यायची. तिने तिन्ही भांडी नीट पाहिली, काही प्रश्न विचारले आणि घरी जाऊन आपल्या शेतात काठापासून वीस पावलं मोजली. तेवढी पट्टी तिने नांगरायची सोडली. तिथे वाळुंजाच्या फांद्या खोचल्या, वाळा लावला. शेजाऱ्यांनी तिची थट्टा केली. पाटलाने तिला बोलावून घेतलं आणि लोकांना जमीन पुरत नसताना दुसऱ्याच्या तोंडचा घास असा पडीक टाकायची लाज कशी वाटत नाही, असं विचारलं. पारूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि पट्टी तशीच ठेवली.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात तीन दिवस पाऊस लागून राहिला. असा पाऊस त्या मुलखात पूर्वीही पडत असे. पूर्वी तो काठावरच्या झाडीत, पाणथळीत, अंगणांत मुरायचा आणि ओढा सकाळी चढायला लागला तर संध्याकाळी भरायचा. लोकांना गुरं सोडायला, सामान हलवायला वेळ मिळायचा. या वेळी तिसऱ्या दिवशी दुपारी, चुलीवर ठेवलेला भात शिजायच्या आत, ओढा काठ सोडून बाहेर आला.

गावात मोकळे पडलेले काठ ढासळत गेले. नुकती लावलेली उसाची शेतं मातीसकट पाण्यात उतरली. ती सगळी माती खाली आली, तर खाली ओढ्याचं पात्र आधीच गाळाने उथळ झालेलं. त्यातच नगरातल्या प्रत्येक गल्लीचं पाणी फरशीवरून धावत येऊन मिळालं. जिथे पूर्वी पाणी पसरून थांबायचं, तिथे आता चाळीस घरांची पेठ होती. पाणी पेठेत शिरलं.

सगळ्यात आधी धावले ते भोई. नागूने तराफे काढले. मथाईने वळलेले दोर होते तेवढे सगळे आणले. बहीण काठावर पाय रोवून दोर धरायची आणि भाऊ तराफा घेऊन घरांच्या छपरांपर्यंत जायचा. अंधार पडायच्या आत त्यांनी शंभराहून जास्त माणसं काढली. एका टोकाच्या घरात एक म्हातारा विणकर आणि त्याची बायको होती. तिकडे नागू तीनदा गेला आणि तिन्ही वेळा धारेने त्याला मागे फेकलं. चौथ्यांदा तो पोचला तेव्हा घर नव्हतं. दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाखालच्या गाळात सापडली. नागूनेच त्यांना उचलून आणलं.

तिथूनच तो तडक दरबारात गेला. अंगावर गाळ तसाच होता. पहारेकऱ्यांनी अडवलं नाही.

"महाराज, मी दगड उलटला नव्हता," तो म्हणाला. "न बघता साक्ष दिली. ती दोन माणसं माझ्या साक्षीने गेली."

राजाने त्याला काहीच शिक्षा सुनावली नाही. त्याने नागूच्या पावलांचे फरशीवर उमटलेले गाळाचे ठसे पाहिले. पेठेचा नकाशा त्याने स्वतःच्या हाताने काढला होता. मग त्याने पादत्राणं काढली आणि मथाई कुठे आहे, असं विचारलं.

पाणी ओसरल्यावर राजा, कारभारी आणि पाटील मथाईच्या मागोमाग ओढ्याने चालत निघाले. आधी ती त्यांना झऱ्यापाशी घेऊन गेली आणि राजाला म्हणाली, तुम्ही उलटा. राजाने दगड उचलला. पुरानंतरही त्या दगडाच्या पोटाला जीव धरून राहिलेले होते. एक बारका खेकडा राजाच्या मनगटावर चढला आणि राजाने तो उतरेपर्यंत हात हलवला नाही. गावापाशी दगड गाळात रुतलेला होता. तो निघाला तेव्हा त्याच्या खालून काळा, कुबट वासाचा चिखल आला आणि त्यात एकच अळी होती. नगराच्या घाटाखाली राजाने एकामागून एक सात दगड उलटले. एकाखालीही काही नव्हतं. लाल किडेसुद्धा वाहून गेले होते.

राजाने विचारलं, इथलं सगळं गेलं कुठे?

कारभारी म्हणाला, गावाने माती सोडली म्हणून पात्र भरलं. पाटील म्हणाला, नगराने पाणथळ बुजवली म्हणून पूर आला. दोघांचा आवाज चढत गेला. प्रत्येकाकडे दुसऱ्याविरुद्ध पुरावे होते आणि ते सगळे खरे होते.

मथाईने दोघांना थांबवलं. "ओढा एकच आहे," ती म्हणाली. "गावाने त्याचं अंग सोललं आणि नगराने त्याचा गळा आवळला. कुणी जास्त मारलं ते तुम्ही पुढे भांडत बसा. आधी हात काढा."

राजाने तिथल्या तिथे तिचा मासे धरण्याचा हक्क परत दिला. पण मथाईने तो घेतला नाही. मासे नसलेल्या पाण्याचा हक्क घेऊन मी काय करू, असं तिने विचारलं.

त्यानंतर कामं सुरू झाली. ओढ्याच्या दोन्ही काठांना तीस पावलं जमीन मोकळी सोडायची, असा हुकूम निघाला. तिथे नांगर नाही, गोठा नाही, उकिरडा नाही. गावाने हुकूम ऐकला आणि पाळला नाही. तेव्हा पारूबाईने पाटलाला आपल्या शेतावर नेलं. शेजारची शेतं काठापासून दहा-दहा हात आत ढासळली होती. तिच्या वाळुंजाच्या फांद्या मुळं धरून उभ्या होत्या आणि त्यांच्यामागची जमीन जशीच्या तशी होती. पाटलाने काठावर उभं राहून खाली पाहिलं, मग मागे वळून तिच्या वांग्यांकडे पाहिलं. तीस पावलं त्याने सगळ्यात आधी स्वतःच्या शेतात मोजली.

नगरात पेठेचे उरलेले दगड उचलून पाणथळ पुन्हा खणली गेली. पेठेतल्या लोकांना उंचावर घरं दिली. अंगणांतली फरशी निघाली, गल्ल्यांच्या कडेने माती मोकळी झाली, रंगाऱ्यांचं पाणी गटारातून काढून लांबच्या खड्ड्यांत घेतलं. पायाला पुन्हा चिखल लागू लागला तेव्हा अनेकांनी राजाला नावं ठेवली. राजाने ती ऐकून घेतली.

तीन वर्षांनी काठ हिरवे दिसू लागले. राजाला वाटलं, झालं. त्याने कार्तिकात मोठा उत्सव योजला, तोरणं बांधली, आजूबाजूच्या राज्यांतून पाहुणे बोलावले आणि सगळ्यांसमोर साक्षीसाठी मथाईला उभं केलं. ते एक वाक्य ऐकायला लोक दाटीवाटीने जमले होते.

मथाईने पाण्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नाही. अजून नाही."

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. राजाच्या कपाळावर आठ्या पडल्या. एवढं सगळं करूनही पाहुण्यांसमोर हे ऐकावं लागलं म्हणून तो दुखावला होता, आणि आवाज चढवून त्याने विचारलं, "बाई, तू आणखी किती वेळा नाही म्हणणार आहेस?"

"जितकी वर्षं नसेल तितक्या वेळा," मथाई म्हणाली.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. राजा उठला. तो पायऱ्या उतरून खाली आला आणि त्याने कारभाऱ्याला तोरणं उतरवायला सांगितलं. उत्सवासाठी आणलेल्या माणसांना दुसऱ्या दिवसापासून पात्रातला गाळ काढायला लावलं. पाहुण्यांनाही त्याने काठावर नेऊन दगड दाखवले, असं म्हणतात.

मथाई पुढेही दरवर्षी आली आणि दरवर्षी नाही म्हणाली. पुरानंतर नवव्या वर्षी तिच्या पायांत बळ उरलं नव्हतं. नागूने तिला पाठीवर घेऊन तिन्ही जागी नेलं. तो दगड उलटायचा आणि ती बघायची. गावापाशी तिला वाळूकरीण दिसली. तिने ती दोनदा पाहून खात्री केली. नगराखाली मात्र अजूनही फारसं काही नव्हतं. घाव खोल होता आणि नगर मोठं होतं.

त्या कार्तिकात तिने साक्ष दिली ती अशी: झऱ्यापासून गावापर्यंत ओढा जिवंत आहे, गावाच्या पुढे नगराखाली तो अजून मेलेला आहे. अर्धी साक्ष कायद्यात बसत नाही, असं कुणीतरी कुजबुजलं. मग कायदा लहान आहे, असं मथाई म्हणाली आणि भावाच्या आधाराने बाहेर पडली. त्याच हिवाळ्यात ती गेली.

तिच्यामागे नगरातल्या लोकांना ती अर्धी साक्ष फार झोंबली. गाव जगवू शकतं आणि आपण नाही, हे त्यांना सहन होईना. त्यांनी उरलेल्या गटारांची तोंडं फिरवली, घाटाच्या वर आणखी दोन पाणथळी राखल्या, आणि त्यांच्या नातवंडांच्या काळात नगराखालच्या दगडांनाही जीव चिकटलेले दिसू लागले. कायदाही बदलला. तेव्हापासून त्या राज्यात ज्याला काठावर काही उभारायचं असेल, मग तो पाटील असो, कारभारी असो की स्वतः राजा, त्याने आधी गुडघाभर पाण्यात उतरायचं, स्वतःच्या हाताने दगड उलटायचा आणि खाली काय आहे ते सगळ्यांना मोठ्याने सांगायचं.

तात्पर्य: काठावर आपण जे करतो तेच पाण्यात उतरतं, आणि पाणी मरत असताना ते निरोगी आहे असं म्हणायला जो नकार देतो तोच त्याला वाचवतो.